मयत सभासदाचे अभिप्राय

गुरुवार होता. चार वाजायला पाच मिनिटं कमी होती. घड्याळवाल्यांच्या घरातल्या मागच्या खोलीत आईंनी दार लोटून घेतलं, कडी मात्र लावली नाही. कडी वाजली की सून बाहेरून विचारते, "आई, बरं आहे ना?" आणि तिची समजूत घालण्यात पहिली दहा मिनिटं जातात. पलंगावर भिंतीला टेकून त्यांनी नवऱ्याचा जुना फोन गुडघ्यांवर उभा केला आणि वाचनालयाच्या ॲपवर बोट टेकवलं.

पडद्यावर बारा चौकोन उघडले. काहींत चेहरे होते, काही काळेच होते. एका काळ्या चौकोनावर लिहिलं होतं, 'सभासद क्रमांक ४१२'.

"आले का आपले काका?" कुणीतरी विचारलं.

"आलो," आईंनी टाइप केलं.

आठवड्यातून एवढा एक तास त्यांच्याशी माणसं बोलत. बाकीचे सहा दिवस आणि तेवीस तास त्यांना फक्त सांगण्यात येई. जेवण वाढलंय, गोळी घ्या, पाहुणे आलेत, जरा आत बसा.

आईंच्या नवऱ्याला, घड्याळवाल्यांना, जाऊन चौदा महिने झाले होते. चौकातल्या टपरीएवढ्या दुकानात त्यांनी अख्ख्या गावाची घड्याळं दुरुस्त केली. ते गेले आणि आईंची जागा पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत सरकली. कुणी भांडलं नाही, कुणी हुकूम सोडला नाही. पहिला महिना सगळे म्हणाले, आत पडून राहा. दुसऱ्या महिन्यात तेच म्हणाले आणि तिसऱ्यापासून म्हणायची गरजच उरली नाही. माणूस गेला की त्याच्या बायकोनेही थोडंसं गेल्यासारखंच राहावं, असा आपल्याकडे एक न लिहिलेला नियम आहे. तिने मोठ्याने हसू नये, फाटकाशी उभं राहू नये, आणि रंगीत काही अंगावर घातलं तर शेजारच्यांनी मान वळवून बघावं. या नियमाची वही कुठल्याच कचेरीत नाही, पण पाळायला सगळे तयार असतात. मला या नियमाची चीड आहे आणि ती मी लपवणार नाही.

मुलगा वाईट नव्हता. वाईट असता तर ही गोष्ट सोपी झाली असती. त्याचं औषधांचं दुकान होतं, आईच्या गोळ्या तो कधी चुकू देत नसे. फक्त चौदा महिन्यांत त्याने तिला एकदाही विचारलं नव्हतं की आज तू दिवसभर काय केलंस.

विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की ती वाचते. तीस वर्षं वाचत आली होती. कार्ड घड्याळवाल्यांच्या नावावर होतं. पुस्तकं आणायचे ते, वाचायची ती. परत करताना ते तिचीच मतं काउंटरवर ऐकवत आणि वाचनालयात त्यांना मोठा मान मिळे. "आज तुझ्यामुळे मला चहा पाजला त्यांनी," असं घरी येऊन खुशीत सांगत. एकदाही म्हणाले नाहीत की चल, तूही चल. त्यांच्या शेवटच्या आजारात ॲप आलं आणि फोनवरच पुस्तकं मिळू लागली. ते गेल्यावर फोन कुणी मागितला नाही. तो कपाटात तिच्या पातळांखाली राहिला.

वाचनालयात दीड वर्षापूर्वी नव्या ग्रंथपाल आल्या होत्या. गाव त्यांना नुसतं मॅडम म्हणे. त्या आल्या तेव्हा वाचनकक्षात पंखे फिरत आणि खुर्च्या रिकाम्या असत. लोक येत नसतील तर वाचनालयानेच लोकांकडे जायचं, असं त्यांनी ठरवलं. घरबसल्या पुस्तकाची मागणी, ॲपवर अभिप्राय, गुरुवारच्या वाचनगप्पा असं एकेक त्या सुरू करत गेल्या. कार्यकारिणीतले वडीलधारे म्हणाले, "करा हौस." या हौसेत त्यांना ४१२ सापडले. एका गाजलेल्या कादंबरीवर या सभासदाने लिहिलं होतं, "नव्वदाव्या पानावर नायिका चाळीस माणसांचा स्वयंपाक करते आणि लगेच खिडकीत बसून चंद्र पाहते. भांडी कुणी घासली? लेखकाने नक्कीच नाही." मॅडम एकट्याच बसून हसल्या. भाड्याच्या खोलीवर वाट बघणारं त्यांचंही कुणी नव्हतं. डब्यातलं जेवताना त्या ४१२चे अभिप्राय वाचत.

म्हणूनच वर्ष संपताना त्यांनी उत्साहाच्या भरात एक गोष्ट केली. 'वर्षाचे सर्वोत्तम वाचक' म्हणून ४१२ची निवड केली, सभासदाच्या अर्जावरचा फोटो काढला, भोवती फुलांची चौकट टाकली आणि वाचनालयाच्या पानावर लावून दिला. खाली लिहिलं, 'अशीच आपली साथ लाभो.'

दुपारपर्यंत साठ जणांनी अभिनंदन केलं. मग एका जुन्या गिऱ्हाइकाने लिहिलं, "अहो, हे तर गेल्या वर्षी वारले. माझं घड्याळ अजून त्यांच्याकडेच आहे."

औषधांच्या दुकानात मुलाला हे तिसऱ्याच माणसाने दाखवलं. दुकान तसंच सोडून तो घरी आला आणि थेट मागच्या खोलीत गेला.

"बाबांच्या नावाने तू लोकांशी गप्पा मारतेस?"

आई उठून बसल्या. "पुस्तकांवर बोलते."

"कुणाशी?"

"मला कुठे माहीत त्यांची नावं. त्यांनाही माझं माहीत नाही. काका म्हणतात मला."

"काका म्हणतात!" त्याने कपाळावर हात मारला. "आई, दुकानात लोक हसतायत. बाबांचा फोटो, त्याला फुलं, आणि खाली अभिनंदन. लोक म्हणतील, वर्ष झालं नाही तोच हिला करमणूक सुचली."

"चौदा महिने झाले," आई म्हणाल्या. "आणि करमणूक नाही रे ती. तेवढंच बोलणं होतं माझं."

"आम्ही नाही का बोलत तुझ्याशी?"

दारात उभी असलेली सून खाली बघू लागली. मुलाने फोन आणि बाबांचं कार्ड उचलून खिशात टाकलं आणि तो वाचनालयाकडे निघाला.

मॅडमनी उभं राहून त्याची माफी मागितली. पोस्ट त्यांनी आधीच काढली होती. त्याने फोन आणि कार्ड काउंटरवर ठेवलं. "रद्द करा. आत्ताच्या आत्ता."

मयत सभासदाचं खातं कळल्या दिवशी बंद करायचं, असा नियमच होता. मॅडमनी क्रमांक टाकला. संगणकाने विचारलं, 'एकशे सोळा अभिप्रायांसह खाते कायमचे पुसायचे?' त्यांचं बोट थांबलं.

"मग हे सगळं वाचत कोण होतं?"

"कोणी नाही हो," मुलगा म्हणाला. "आईच. घरात बसून असते ना, तिचाच टाइमपास."

तो गेल्यावर मॅडमनी संगणकाचा तो प्रश्न पुन्हा वाचला. उत्तर न देताच त्यांनी संगणक बंद केला. घरी फोन करावा असं चारदा वाटलं, पण आपणच केलेल्या घोळानंतर कुठल्या तोंडाने करायचा, हे त्यांना कळेना.

पुढचा गुरुवार आला. साडेतीनला आईंनी तोंड धुतलं, कपाटातलं हिरवं पातळ काढलं आणि त्या पुढच्या दाराने बाहेर पडल्या. सून म्हणाली, "आई, कुठे?" आणि उत्तराची वाट न बघता तिने त्यांच्या चपला पुढे सरकवल्या.

रस्ता मुलाच्या दुकानावरून जात होता. गिऱ्हाइकाला सोडून तो पायरी उतरून आला. "आई, घरी चल. लोक बघतायत."

"बघू देत," आई म्हणाल्या. "मीही चौदा महिन्यांत लोकांना पाहिलं नाहीये."

"मी आणून देईन पुस्तकं. पाहिजे तेवढी आणतो. पण तू घरी चल."

"तीस वर्षं आणूनच दिली बाबांनी," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता मी आणते."

तो हात पुढे करून तसाच उभा राहिला. त्या त्याच्या बाजूने निघून गेल्या. पायांना सवय उरली नव्हती, चौकात दोनदा थांबावं लागलं. घड्याळाच्या दुकानाला कुलूप होतं. त्यांनी त्याला एकदा हात लावला आणि पुढे निघाल्या.

वाचनालयात शिरून त्या काउंटरशी थांबल्या. "चारशे बारा," त्या म्हणाल्या. "बंद झालंय का?"

मॅडम खुर्चीवरून उठल्या. त्यांनी आपली खुर्ची आईंना दिली आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. चौकोन उघडत होते.

"काका नाहीत का आज?" कुणीतरी विचारलं.

"ते मीच," आई म्हणाल्या. स्वतःचा आवाज त्यांना परका वाटला. "घड्याळवाले माझे मालक. वाचायची मीच."

पडद्यावरचे चेहरे पुढे झुकून त्यांना न्याहाळू लागले. आई खुर्चीच्या कडेला सरकल्या, उठायच्या बेतात. तेवढ्यात एक निवृत्त ड्रायव्हर खाकरले. "बाई, त्या भांड्यांचं मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हा पुरुष असूच शकत नाही. मी पैज हरलो."

आई हसल्या. वाचनकक्षातल्या दोघांनी मान वळवून पाहिलं, इतक्या मोठ्याने हसल्या.

संध्याकाळी त्या एकट्याच घरी गेल्या. मुलगा त्या दिवशी त्यांच्याशी बोलला नाही, पुढचे कित्येक दिवसही बोलला नाही. गोळ्या मात्र वेळेवर पलंगाशी ठेवलेल्या असत. सगळं लगेच गोड झालं असं मी सांगू शकत नाही. त्यांच्या स्वतःच्या कार्डावर नवा क्रमांक आहे आणि जुने एकशे सोळा अभिप्राय मॅडमनी त्याखाली आणून ठेवले आहेत, एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सभासदांची यादी काढली. घरटी एक कार्ड आणि ते घरातल्या कर्त्याच्या नावावर, अशीच पद्धत होती. आजवर ती कुणाला खटकली नव्हती, त्यांनाही नाही. इतके दिवस ॲपवरचे आकडे बघून आपण किती माणसांपर्यंत पोचलो म्हणून त्या खूश होत्या. त्यांनी फोन उचलला आणि पहिला क्रमांक फिरवला.

"वाचनालयातून बोलतेय. तुमच्या घरात वाचतं कोण?"

"कोणी नाही हो," पलीकडचा माणूस म्हणाला. "कार्ड आहे आपलं नुसतं."

त्याच कार्डावर गेल्या महिन्यात नऊ पुस्तकं गेली होती. मॅडमनी कानाशी फोन घट्ट धरला.

"थांबते मी," त्या म्हणाल्या. "जरा आत विचारून सांगता?"