धावताना दम लागतो

भाऊसाहेबांनी दाखल्यावर शिक्का मारायला हात उचलला आणि खेळाच्या सरांनी तो वरच्यावर धरला.

"थांबा. शेरा राहिलाय."

शाळेच्या कारकुनाला सगळे भाऊसाहेब म्हणत. त्यांनी चष्म्यावरून सरांकडे पाहिलं. "शेऱ्याचा रकाना रिकामाच सोडतो आपण. तीस वर्षांत मला तिथं कुणी काही लिहायला सांगितलेलं नाही."

"मग आता मी सांगतोय."

शाळा सोडल्याचा तो दाखला भिंगरीचा होता. आठवीतली पोर, अंगाने काडी, पण पायात फुटबॉल आला की समोरच्या तिघी एकमेकींवर आपटायच्या आणि ही पार पुढे निघून गेलेली असायची. तिच्या आईला पुलापलीकडच्या शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम लागलं होतं. राहायला खोली, मुलीची फी माफ. कुठल्याही भल्या माणसाला आनंद व्हावा अशीच बातमी होती. खेळाचे सरही भलेच होते. पण पलीकडच्या शाळेने त्यांच्या मुलींना नऊ वर्षांत सात वेळा हरवलं होतं आणि उरलेल्या दोन वर्षी पावसामुळे सामना झाला नव्हता. यंदा भिंगरीच्या जिवावर करंडक आणायचाच, म्हणून शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटावरचा पृथ्वीचा गोल उतरवून त्यांनी जागासुद्धा करून ठेवली होती. तेव्हापासून भूगोलाच्या बाई त्यांच्याशी बोलत नव्हत्या. आता करंडकही गेला आणि बाईही गेल्या.

"लिहा," सर म्हणाले. "खेळात गती नाही."

"कुणाला? भिंगरीला?" भाऊसाहेबांचं पेन अधांतरी थांबलं. "गेल्या सामन्यात पाच गोल मारले ना हिने?"

"तुम्ही लिहा हो."

भाऊसाहेबांनी लिहिलं. मजकूर खरा असो की खोटा, त्यांचं अक्षर मोत्यासारखंच उतरायचं. लिहून झाल्यावर त्यांनी कागद जरा लांब धरून पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"अर्धी ओळ मोकळी राहतेय, सर. बरं दिसत नाही. अजून काहीतरी सांगा."

सरांना दुसरं काही सुचेना. खिडकीबाहेर त्यांच्या संघातली गोलकीपर, चष्मेवाली, मैदानाला एक फेरी मारून गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत उभी होती.

"धावताना दम लागतो," सर म्हणाले.

रकाना काठोकाठ भरला. भाऊसाहेबांनी समाधानाने शिक्का मारला.

सरांचा हिशेब साधा होता. हा शेरा वाचून पलीकडची शाळा पोरीला दोन-तीन महिने संघात घेणार नाही. तेवढ्यात स्पर्धा उरकेल. पुढे तिचे पाय काय करतात ते त्यांना दिसेलच. यात कुणाचं काय बिघडलं? रात्री त्यांना झोपही छान लागली.

दुसऱ्या दिवसापासून मात्र संघाची पार दैना झाली. तीन वर्षांत सरांनी मुलींना एकच डाव शिकवला होता: "भिंगरीला द्या." आता चेंडू मिळाला की मुली उजवीकडे बघायच्या, तिथे कुणी नसायचं, मग सरांकडे बघायच्या. पहिल्याच दिवशी चार चेंडू कुंपणाबाहेर गेले. सरांनी शेवटी फुटबॉलचं पुस्तक आणलं आणि मुलींच्या आधी स्वतः शिकले. काय झालं कोण जाणे, पण मुली खेळायला लागल्या. एक-एक सामना रडतखडत जिंकत त्या अंतिम फेरीत गेल्या. समोर अर्थातच पलीकडची शाळा होती.

मध्यंतराला आपल्या मुली एक-शून्यने पुढे होत्या. सरांना तो आकडा पुन्हा पुन्हा वाचावासा वाटत होता. सामना बघायला आलेले भाऊसाहेब फळ्यावरच्या एकाच्या आकड्याचं वळण कसं चुकलंय ते शेजाऱ्याला समजावत होते. तेवढ्यात समोरच्या कडेने, झाडाखालच्या खुर्चीतून उठून, भिंगरी त्यांच्याकडे आली.

ती चालत आली. सरांनी तिला मैदानावर चालताना कधी पाहिलंच नव्हतं.

"सर, आपल्या मुली काय मस्त खेळतायत हो!"

"तू कशी आहेस?"

"बरी आहे. जपून असते. जिन्यात मध्ये एकदा बसते." तिने आवाज खाली आणला. "सर, एक विचारू? मला पहिल्यापासून दम लागायचा का? मला कधी कळलंच नाही."

सर बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागले.

"डॉक्टरांनीपण तपासलं. म्हणाले, छातीत तर काही सापडत नाही, पण शाळेने लिहून दिलंय म्हणजे काहीतरी असणार, धावू नको. आई म्हणाली, मी आई असून माझ्या लक्षात आलं नाही, सरांच्या आलं. सर उगाच लिहिणार नाहीत. तिने तुम्हाला नमस्कार सांगितलाय." भिंगरी हसली. "तरीच तुम्ही मला सारखं पाणी प्यायला बोलवायचात."

तिला ते पाणी प्यायला बोलवायचे, कारण तिच्या मागे धावून बाकीच्या दहा जणी अर्धमेल्या व्हायच्या. सरांना हे सांगता येईना. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की कान गरम झाले. पोरीला मैदानावर कुणी अडवू शकलं नव्हतं, आणि त्यांनी अर्धी ओळ भरायला तिचा दमच काढून घेतला होता.

ते उठले आणि मैदान ओलांडून पलीकडच्या बाईंकडे गेले. त्या शाळेचा संघ या बाईंच्या हाताखाली होता आणि गळ्यातली शिट्टी त्या जेवतानाही काढत नसत म्हणे.

"बाई, भिंगरीला खेळवा. तिला काही झालेलं नाही. दाखल्यावरचा शेरा खोटा आहे."

बाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "कुणी लिहिला?"

"मी."

"का?"

"आज तुम्ही हरावं म्हणून."

बाईंनी खेळाडूंची यादी उघडून पाहिली. मग म्हणाल्या, "यादीत पंधरा नावं लागतात म्हणून तिचं नाव घातलेलं आहे. पण तोंडी चालणार नाही. लेखी द्या. शिक्क्यासकट."

शिक्का भाऊसाहेबांच्या पिशवीतच होता. आपल्या मागे कुणी वापरला तर, या धास्तीने ते तो लग्नकार्यालासुद्धा बरोबर नेत. त्यांनी गुडघ्यावर कागद घेतला आणि सरांनी सांगितलं ते लिहिलं. सही करून घेताना ते हळूच म्हणाले, "सर, आपण हरणार की."

"हो."

"बरं. मग तारीख टाका."

बाईंनी भिंगरीला कारण सांगितलं नाही, कारण त्यांना वेळ नव्हता. सरांनीही सांगितलं नाही. त्यांना वेळ होता, पण धीर नव्हता.

सुरुवातीला भिंगरी छातीवर हात ठेवून चार-चार पावलं टाकत होती. चेंडू पायाशी आला तेव्हा ती दचकली. मग तिने हात खाली घेतला. आपल्या दोघी मुली एकमेकींवर आपटल्या आणि ती पार पुढे गेली. पहिला गोल झाला तेव्हा सरांनी टाळ्या वाजवल्या. भाऊसाहेबांनी कोपर मारून त्यांना आपण कुठल्या बाजूला बसलोय याची आठवण करून दिली. पुढे तिने आणखी तीन गोल मारले. दोनदा तर चष्मेवाली पार आडवी पडली होती, समोर रिकामा गोल होता, आणि भिंगरीने चेंडू बाहेर घालवला. सवय मोडलीय बिचारीची, सरांना वाटलं, आणि त्या दोन्ही वेळी त्यांना खरोखर वाईट वाटलं.

सामना चार-एक असा संपला. आपल्या मुली रडत होत्या. सर त्यांना पाणी देत होते, तेवढ्यात भिंगरी धावत आली. घामाने निथळत होती, आणि हातातल्या करंडकाकडे तिचं लक्षही नव्हतं.

"सर! नाही लागला! एकदासुद्धा नाही लागला!"

सरांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"भिंगरे, तुला दम कधी लागतच नव्हता. मी खोटं लिहिलं होतं."

"खोटं?" ती त्यांच्याकडे बघत राहिली. "का?"

"तू त्यांच्याकडून खेळलीस तर आपण हरू म्हणून."

भिंगरीने एक मोठा श्वास घेतला, थांबली, मग दुसरा घेतला. दोन्ही सरळ आत गेले. मग तिने मागे वळून फळ्यावरच्या आकड्यांकडे पाहिलं.

"आधी सांगायचं ना, सर," ती म्हणाली. "आपली शाळा म्हणून मी दोन गोल मुद्दाम बाहेर मारले."

पलीकडून बाईंची शिट्टी वाजली, तशी ती पळत निघून गेली.