बिनआवाजाचं झाकण

मालकांनी झाकण कानाशी धरून खुळखुळ्यासारखं हलवलं. आवाज आला नाही. मग दुसऱ्या कानाशी नेऊन पुन्हा हलवलं.

"वा रे कलाकार! आत काही आहे की नुसती हवा, ब्रह्मदेवालासुद्धा सांगता यायचं नाही."

टेबलासमोर उभा असलेला तो नुसता हसला. कारखान्यात सगळेच त्याला कलाकार म्हणत, निम्मे कौतुकाने आणि निम्मे चिडवायला. बाटल्या आणि झाकणं आखायची हे त्याचं काम, आणि हे झाकण त्याच्या आयुष्यातलं पहिलं, ज्यावर मालक इतके खूश होते की आपली खुर्ची त्याला द्यायची तेवढी बाकी ठेवली होती.

मालकांनी झाकणाचा माथा अंगठ्याने दाबला आणि थोडा फिरवला. कट्. टोपीसारखा वरचा भाग निघाला. आतल्या खोबणीत हिरवं कासव बसलेलं होतं, करंगळीच्या पेराएवढं. रबराच्या बारीक जिभांनी त्याला चहूबाजूंनी धरून ठेवलं होतं. म्हणून तर आवाज येत नव्हता.

बाटलीत रंगीत साखरपाणी असायचं. ते खपत नव्हतं, म्हणून झाकण खपवायचं ठरलं होतं. कुठल्या झाकणात मासा, कुठल्या हत्ती, कुठल्या बेडूक. कासव मुद्दाम दुर्मिळ ठेवायचं. आणि बरीचशी झाकणं चक्क रिकामी. दुकानात हलवून किंवा हातात तोलून कुणाला भरलेलं झाकण ओळखता येऊ नये म्हणून रिकाम्यांत वजनाची चकती टाकायची. पोराने हट्ट करायचा, बापाने बाटली घ्यायची, झाकण रिकामं निघायचं, पोराने रडून पुन्हा हट्ट करायचा. या सगळ्याला मालक 'मुलांचा आनंद' म्हणत, आणि म्हणताना त्यांचा चेहरा जराही हलत नसे.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," मालक म्हणाले. "सोमवारी मशीन सुरू. तुझं काही?"

"अगदी लहान पोरांच्या हाती लागलं तर..."

"त्यासाठीच कुलूप केलंस ना रे बाबा? कामगारांची एवढी पोरं आणून सतरंजीवर बसवली. एकाला तरी उघडलं?"

"नाही उघडलं."

"मग कशाला भरल्या ताटाला लाथ मारतोस?"

खरंच होतं ते. त्या दिवशी तो स्वतः सतरंजीच्या काठाशी मांडी घालून बसला होता. शेजारच्या बालवाडीतल्या बाई पोरांमधून फिरत होत्या. "हातांनी, बाळा, हातांनी. शी! तोंडात नाही घालायचं." पोरांनी बोटं लाल करून घेतली, दोघंतिघं रडली, एकीने झाकण खिडकीबाहेर भिरकावलं. उघडलं कुणालाच नाही. दाबायचं आणि दाबून धरून फिरवायचं, ही दोन कामं एकदम करायला चिमुकले हात कमी पडत होते. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली होती.

नमुन्याची झाकणं खिशात टाकून तो घरी आला.

रविवारी सकाळीच बहीण ठमीला घेऊन दारात उभी. बहीण कोपऱ्यावरच्या लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची आणि तिच्या सुट्टीवर लाँड्रीवाल्याचा कायमच डोळा असायचा.

"दादा, दुपारपर्यंत सांभाळ हिला. सर्दी आहे, खोकतेय जरा. आणि टीव्हीपुढे बसवून ठेवू नकोस."

"मी कधी बसवतो?"

"तू स्वतः बसतोस, ती शेजारी येते."

ठमीला अजून धड बोलता येत नव्हतं. तिची मोजकी वाक्यं होती आणि त्यातली बहुतेक 'नको'वर संपायची. मामाने तिच्यापुढे झाकणं मांडली आणि एकेक उघडून आतले प्राणी तिला दाखवले. कासव सगळ्यांत आवडलं. आत टाकलं, बंद केलं, हलवलं, आवाज नाही. उघडलं तर कासव हजर! ठमी हसून हसून मागे कोलमडली. मग त्याने सगळे प्राणी काढून उंच टेबलावर ओळीने ठेवले, कासवाचं रिकामं झाकण बंद करून ठमीच्या पाण्याच्या बाटलीवर बसवलं आणि बाटली तिच्या हाती दिली. मामाने केलेलं झाकण भाचीच्या बाटलीवर. त्याला बरं वाटलं.

तेवढ्यात मालकांचा फोन आला. घरात आवाज नीट येत नसे, म्हणून तो गॅलरीत गेला. मालकांना बेडूक पिवळा हवा होता. हिरवं कासव आणि हिरवा बेडूक, पोरांना फरक कळायचा नाही म्हणे.

तो आत आला तेव्हा खुर्ची टेबलाला लागलेली होती. मासा होता, हत्ती होता, बेडूक होता.

कासव नव्हतं.

ठमी जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. गप्प. ठमी गप्प बसणं हे मुळातच वाईट लक्षण. तिने ओठ घट्ट मिटले होते, डोळ्यांत पाणी होतं, आणि हनुवटीवर लाळेची तार लोंबत होती. तारेत लाल रेघ होती.

"ठमे, कासव कुठाय?"

तिने मान हलवली.

"तोंड उघड. आ कर. आ..."

ठमीने दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि खोकली.

त्याच्या पायांखालची जमीन सरकली म्हणणं सोपं आहे. जमीन जागेवरच होती, आणि त्याच जमिनीवर तो रांगत होता. कपाटाखाली, गादीखाली, चपलांत, डब्यात त्याने हात घातला. ठमीला पालथं मांडीवर घेऊन पाठीवर थापट्या मारल्या, तर ती भोकाड पसरून रडली. रडते म्हणजे श्वास आहे. पण मग रडणं थांबलं आणि ओठ पुन्हा मिटले. बाटली तिच्या मांडीशी पडली होती. त्याने ती उचलून झाकण कानाशी धरलं, हलवलं. आवाज नाही. झाकण घट्ट बंद होतं. आणि बंद झाकण एवढ्याशा पोरीला उघडत नाही, हे तर त्यानेच सिद्ध केलेलं होतं. त्याने बाटली पिशवीत टाकली, ठमीला खांद्यावर घेतलं आणि जिना उतरला.

लाँड्रीच्या दारात बहिणीने त्याचा चेहरा पाहिला आणि इस्त्री तशीच सोडून ती बाहेर आली. टॅक्सीत तिने एकच विचारलं.

"केवढं आहे ते?"

त्याने करंगळी पुढे केली आणि पेरावर अंगठा ठेवला. बहिणीने त्या पेराकडे पाहिलं, मग ठमीच्या गळ्याकडे. नंतर हॉस्पिटल येईपर्यंत तिने ठमीच्या गळ्यावरचा हात काढला नाही.

तो मनातल्या मनात बोलत होता. झाकणात मावायला हवं म्हणून कासव लहान केलं. जे झाकणात मावतं ते घशातही मावतं, हे काय त्याला कुणी वेगळं शिकवायला हवं होतं? टोचू नये म्हणून कडा घासल्या, पाय आत घेतले, डोकं दाबून बसवलं. कुठे अडकेल असं एक टोक ठेवलं नाही. पोरांची काळजी म्हणून!

डॉक्टरबाई तरुण होत्या आणि घाईत नव्हत्या. त्यांनी बहिणीच्या मांडीवरच ठमीची छाती तपासली आणि चमच्याने ओठ उघडून आत उजेड टाकला.

"घशात वरवर तरी काही दिसत नाही. हिरडीला लागलंय हिच्या. त्याचंच रक्त आहे. पडली का कुठे?"

"मी... मी फोनवर होतो," तो म्हणाला.

एक्स-रे काढला. डॉक्टरबाईंनी तो उजेडावर धरला. फासळ्या दिसत होत्या, बारीक, माशाच्या काट्यांसारख्या. बाकी काही नाही.

"स्वच्छ आहे," बहीण एकदम म्हणाली. "स्वच्छ आहे ना?"

"त्यात दिसणारच नाही," तो म्हणाला. "साधं प्लास्टिक आहे. एक्स-रेमध्ये दिसणारी भुकटी मिसळता येते त्यात. आम्ही मिसळली नाही."

डॉक्टरबाईंनी मान वळवली.

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीच केलंय ते."

पुढचं डॉक्टरबाई बोलल्या ते बहिणीशी.

"श्वास दोन्ही बाजूंनी सारखा येतोय, ही चांगली गोष्ट. पण खोकला आहे आणि वस्तू सापडत नाही, तेव्हा तसं सोडता येणार नाही. भूल देऊन, नळी घालून बघावं लागेल. तोपर्यंत पाणीसुद्धा देऊ नका."

"भूल? एवढ्याशा जिवाला?"

"आम्ही सांभाळून देतो."

बाकड्यावर तिघं बसले. समोरचा दरवाजा उघडत होता, मिटत होता. बहिणीच्या हातांना अजून वाफेचा वास होता. ती म्हणाली,

"तू म्हणाला होतास, लहान पोरांना उघडत नाही."

"उघडत नाहीच. मी काढून ठेवलं होतं टेबलावर."

"मोठा शहाणा!" ती म्हणाली. मग तिचा आवाज फुटला. "दादा, हिला काही झालं ना, तर मी तुला..." तिने पदर तोंडात कोंबला.

ठमीला मोठ्यांच्या रडण्याचा कंटाळा आला होता. ती बाकड्यावरून घसरून खाली उतरली आणि पिशवीत डोकं घालून तिने आपली बाटली काढली.

"पाणी नको गं," तो म्हणाला आणि हात पुढे केला.

ठमीने त्याच्याकडे पाठ फिरवली. बाटली आडवी धरून तिने झाकण तोंडात घातलं, पार दाढेपर्यंत. जबडा आवळून टोपी दाबून धरली. वेदनेने डोळे मिचकावले. आणि दोन्ही हातांनी बाटलीच फिरवली.

कट्.

टोपी तिच्या दातांत राहिली. झाकणात, रबराच्या जिभांमध्ये, हिरवं कासव होतं. ठमीने ते हजर असल्याचं पाहून घेतलं, समाधानाने 'हं' केलं, आणि टोपी पुन्हा वर ठेवून तळहाताने बसवली.

बहीण हसली की रडली, सांगता येणार नाही. तिने ठमीला एवढं आवळलं की ठमी "नको, नको" ओरडायला लागली. डॉक्टरबाई बाहेर आल्या, त्यांनी पाहिलं, त्याही हसल्या. "सुटलात! पोरगी भारी हुशार आहे हो तुमची." आजूबाजूची माणसंही हसली.

त्याने ठमीच्या हातातून बाटली काढून घेतली. झाकणाच्या कडेला बारीक खळगे पडलेले होते, तांदळाच्या दाण्याएवढे, दोन्ही बाजूंनी. मघाशी हेच झाकण त्याने कानाशी धरलं होतं. डोळ्यांशी धरलं नव्हतं.

हातांनी, बाळा, हातांनी. शी! तोंडात नाही घालायचं.

सतरंजीवरच्या प्रत्येक पोराने झाकण आधी तोंडाकडेच नेलं होतं. त्याला आता एकेक चेहरा आठवला. आणि प्रत्येक वेळी कुणीतरी मोठ्या माणसाने ते प्रेमाने बाजूला केलं होतं. एकदा तर त्यानेच. ती सगळी पोरं पहिल्या झटक्यात पास झाली असती. मोठ्यांनी त्यांना चांगली सवय लावली आणि कुलूप पास केलं.

घरी जाताना टॅक्सीत बहीण ठमीला कुरवाळत, झाल्या प्रकारावर हसत होती. घाबरलेला एकटा तोच होता. सकाळपेक्षा जास्त.

सोमवारी तो केबिनमध्ये शिरला तेव्हा खाली मशीन तापायला लावलं होतं. फरशीतून त्याची थरथर तळपायाला लागत होती. त्याने सगळं सांगितलं. मालकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पोरगी बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मग झालं तर. सुंठीवाचून खोकला गेला. आणि मला एक सांग, झाकण बनवणाऱ्यालासुद्धा आत कासव आहे हे हलवून कळलं नाही! अरे, याहून मोठी जाहिरात कुठली?"

"मालक, पोरं दात लावतात."

"आपल्या चाचणीत कुणी लावला?"

"लावू दिला नाही आपण."

"बावळटासारखं बोलू नकोस. साचा तयार आहे, दुकानं वाट बघताहेत. तुझ्या भाचीच्या दातांपायी मी दुकान बंद करू?"

"तुम्ही स्वतः लावून बघा एकदा दात. किती सोपं आहे ते बघा."

मालक मनापासून हसले.

"कुठले दात, कलाकार? वरून खालून कवळी आहे माझी."

तो हसला नाही. त्याने टेबलावरचं झाकण उचललं, दाढेत धरलं आणि हातांनी फिरवलं. कट्. टोपी टेबलावर थुंकली. झाकण तोंडावर पालथं घालून बोटाने मागून ढकललं, आणि कासव जिभेवर पडलं. झाकण त्याने मालकांसमोर ठेवलं. रिकामं. मग ओठ मिटले.

कासव गार होतं. गुळगुळीत. त्यानेच घासून घासून केलेलं. थुंकी सुटली तसं ते जिभेवरून मागे सरकायला लागलं. त्याने जीभ वर दाबून ते टाळूशी धरलं. नाकाने श्वास घेतला. आपण आपल्या मर्जीने हे करतो आहोत आणि आपल्याला कळतं आहे, तरी कानांमागे घाम फुटला.

"बस झाली थट्टा," मालक म्हणाले. "काढ बाहेर."

त्याने मान हलवली. ठमीने हलवली होती तशीच.

"अरे, काढ म्हणतो ना! वेडा आहेस का? गिळशील."

कासव आणखी थोडं मागे गेलं. त्याला ढास लागली. त्याने ती तोंडातल्या तोंडात दाबली, डोळ्यांत पाणी आलं, चेहरा लाल झाला. मालक खुर्चीतून उठले. त्यांचं लक्ष त्याच्या गळ्यावर होतं, आणि काल टॅक्सीत बहिणीने ज्या नजरेने ठमीच्या गळ्याकडे पाहिलं होतं, तीच नजर त्याला आता टेबलापलीकडे दिसली.

"आहे ना अजून तोंडात? ए... बोल ना रे. आहे ना?"

मालकांचा हात टेबलावर चाचपडत फोनकडे गेला. एक आकडा चुकला, त्यांनी पुन्हा दाबला. ते दवाखान्याला लावत होते की खाली मशीनवर, डोळ्यांतल्या पाण्यामुळे त्याला दिसत नव्हतं. तळपायाखाली थरथर चालूच होती.

तो तोंड मिटून उभा राहिला.