मेणबत्ती विझवणारी रिकामी बादली

खळग्याच्या काठावर दोनेकशे माणसं दाटीवाटीनं उभी होती आणि मधल्या उंच दगडावर श्वासगुरू. एकेक भक्त पायऱ्या उतरून खाली जाई, गुडघे टेकून मेणबत्ती जमिनीजवळ नेई आणि फुंकर नाही, वारा नाही, तरी ज्योत चिमटीत धरल्यासारखी विझे. मग काठावर एकच गलका होई.

"पाहिलंत? धरतीनं श्वास आत घेतला!" श्वासगुरू गरजत. "भूगर्भातली कंपनं थेट तुमच्या नाभीशी बोलतायत. शास्त्रज्ञांना हे कळायला अजून शंभर वर्षं लागतील. धरतीला घाई नाही, पण रांग मोडू नका!"

गुडघे टेकलेल्या माणसाला गरगरायचं, छातीत धडधडायचं, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. इथं त्याला साक्षात्कार म्हणत.

आर्किटेक्ट बाई नकाशाची गुंडाळी काखेत धरून हे सगळं बघत होती. तिला ना राग आला, ना हसू. गेल्या चार महिन्यांत तिला काहीच आलं नव्हतं. जेवण गिळायचं, कामावर जायचं, परत यायचं, एवढंच चाललं होतं. तिचा धाकटा भाऊ याच खळग्यात गेला होता. तिच्याच हाताखाली तो मोजणीचं काम करायचा. एका सकाळी खुंटी ठोकायला खाली उतरला, तो वर आलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. श्वासगुरू म्हणाले, धरतीनं ठेवून घेतला. तिनं दोघांचंही ऐकून घेतलं होतं.

जमिनीतून वाफा निघणाऱ्या या टापूत पर्यटकांसाठी केंद्र बांधायचं होतं आणि आराखडा तिचा होता. सभागृह खळग्यात उतरवलेलं, वर गवताचं छप्पर, दारं-खिडक्या घट्ट मिटणाऱ्या. जमिनीची ऊब आयती मिळणार, वीज जवळपास लागणारच नाही. या आराखड्याला बक्षीसही मिळालं होतं. प्रकल्पाचे साहेब तर जागेवर बेहद्द खूश होते. "गर्दी जमवायची कटकटच नाही, मॅडम. गुरूंनी जमवून ठेवलीय!"

रांगेतून एक म्हातारी भेलकांडत वर आली. ती तिची आई होती.

"आज त्यानं मला हाक मारली गं," आई धापा टाकत म्हणाली. "लांबून मारली, पण मारली. परवा पायाभरणीला पहाटे अगदी तळाशी तासभर बसायचं, मग नीट बोलेल म्हणालेत गुरू."

"बरं," ती म्हणाली. त्याच वेळी श्वासगुरूंच्या हातची काठी निसटून खाली पडली. ते वाकले नाहीत. त्यांनी शिष्याला बोट दाखवलं आणि शिष्यानं श्वास रोखून ती चटकन उचलली. हे तिच्या डोळ्यांनी टिपलं, पण मनापर्यंत पोचलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गर्दी नव्हती. ती गवंडी मिस्त्रींबरोबर पायाच्या खुणा करायला आली. मिस्त्रींकडे त्यांची नेहमीची पारदर्शक नळी होती. पाणी भरलेल्या या नळीची दोन टोकं दोन जागी धरली, की दोन्हीकडचं पाणी एका उंचीवर थांबतं आणि पातळी कळते. कुणाची तरी अर्धी मेणबत्ती पायरीवर पडली होती. तिनं ती पेटवून लांब गजाच्या टोकाला बांधली आणि हळूहळू खाली सोडली. ज्योत जिथं विझली, तिथं दगडावर खडूची रेघ ओढली. मग दुसरा कोपरा, मग तिसरा, मग चौथा.

मिस्त्रींनी नळी लावून पाहिली, पुन्हा लावली आणि डोकं खाजवलं. "मॅडम, चारही रेघा एका पातळीत आहेत. दोऱ्याइतकाही फरक नाही."

"धरतीच्या श्वासाला पातळी कशाला लागेल, मिस्त्री?"

"पातळी पाण्याला असते. हौदात साचल्यासारखं. पण इथं पाणी कुठंय?"

रेघ तळापासून मांडीच्या उंचीवर होती. तळाशी धाकट्याची खुंटी अजून तशीच होती, अर्धी ठोकलेली.

"आत्ता वारा आहे," मिस्त्री दबक्या आवाजात म्हणाले. "पहाटे वारा पडतो. तेव्हा हे आणखी वर येत असणार."

ती काठावर बसली. तिच्या बक्षीसवाल्या सभागृहाची जमीन त्या रेघेच्या खाली येणार होती आणि त्याची दारं घट्ट मिटणारी होती.

घरी तिनं आईला सगळं सांगितलं. आईनं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. "तुला त्याच्यासाठी रडूसुद्धा आलं नाही. तुला काय कळणार?"

तिनं मिस्त्रींना फोन लावला आणि पायाभरणीला एक बादली आणि लांब दोरी आणायला सांगितली.

पायाभरणीच्या पहाटे पानही हलत नव्हतं. आई खाली जायला पहिल्या पायरीवर उभी. ती आईच्या पुढ्यात जाऊन आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "मिस्त्री, बादली."

मिस्त्रींनी काठावरूनच दोरीला बांधलेली बादली तळाशी सोडली, थोडी फिरवली आणि सावकाश वर ओढली.

"यात काय आहे?" तिनं लोकांना विचारलं.

"काही नाही! रिकामी आहे!"

तिनं काठावर एक मेणबत्ती पेटवून ठेवली आणि ती रिकामी बादली पाणी ओतावं तशी तिच्यावर ओतली. ज्योत विझली.  मग गर्दीतला एक दूधवाला पुढे आला, त्यानं स्वतः बादली सोडली, स्वतः ओतली. ज्योत पुन्हा विझली.

"जमिनीतून एक वायू येतो," ती म्हणाली. आवाज सपाट होता, नकाशा वाचून दाखवावा तसा. "सोड्याच्या बाटलीत असतो तोच. दिसत नाही आणि हवेपेक्षा जड असतो, म्हणून खड्ड्यात साचतो. त्यात ज्योत विझते. वाकलेल्या माणसाला गरगरतं, भास होतात. जास्त वेळ थांबला, तर तो मरतो."

"धरती बादलीतही वसते!" श्वासगुरू ओरडले.

"मग तळाशी बसून हेच प्रवचन पाच मिनिटं करा. धरती तुमचीच आहे ना?"

"आज माझं मौन आहे!" श्वासगुरू खणखणीत आवाजात म्हणाले.

पहिला हसला तो दूधवाला. मग सगळा काठ हसला आणि त्या हशात श्वासगुरू शिष्यासह कधी सटकले, ते कुणाला कळलंही नाही. साहेब कोपऱ्यात घाम पुसत होते.

आई हसली नाही. "मग तो बोलत नव्हता?"

"नाही, आई."

"मग तो गेला कसा?"

"मी त्याला खुंटी ठोकायला पाठवलं होतं. तो वाकला." हे ती पहिल्यांदाच बोलत होती. "मी पाठवलं, आई."

आई पायरीवरून परत काठावर आली. मग तिनं मुलीचा हात हातात घेतला. आईचा हात गारठलेला होता. चार महिन्यांनी तिला काहीतरी गार लागलं आणि त्यापाठोपाठ रडू आलं.

केंद्र आता बाजूच्या उंचवट्यावर आहे, खांबांवर उचललेलं, खालून वारा खेळेल असं. ते आधीच्या आराखड्याइतकं देखणं नाही. खळग्याला कुंपण आहे. कुंपणापाशी एक बादली, दोरी आणि मेणबत्त्या ठेवल्यात. शेजारच्या पाटीवर तिनं लिहिलंय:

"आमच्यावरही विश्वास ठेवू नका. स्वतः ओतून पाहा. आणि कुणी गुडघे टेकायला सांगितलं, तर आधी त्याला टेकायला सांगा."