मोजायचं काम माझ्याकडे द्या

मित्रांनो, मी एक जुना मदतनीस आहे. हाडामांसाचा नव्हे, सी भाषेतल्या चार ओळींचा. संगणकाचा सगळा गाडा हाकणारा जो मुख्य प्रोग्रॅम, त्या कर्नलमध्ये मी राहतो. एखादी ओळ अमुक शब्दाने सुरू होते का, एवढंच मी सांगतो.

मी नव्हतो तेव्हा लोक शब्द लिहीत आणि यंत्राने किती अक्षरं ताडून बघायची ते कळावं म्हणून शेजारी त्याची अक्षरं बोटांवर मोजून आकडा टाकत. पुढे कोणी शब्द बदले, आकडा तसाच राही. मग कुणाचं तरी यंत्र दिलेली सूचना ऐकेनासं होई आणि चांगली शिकलीसवरलेली माणसं केस उपटत बसत.

माझे जनक याला पुरते विटले. लॅपटॉप आदळत ते लेकीला म्हणाले, "यंत्राला मोजता येतं, आणि हे बोटं मोजतायत! बालवाडी आहे का ही?"

लेकही त्याच कामातली. "बाबा, आदळून तो सुधारणार नाही."

"तो नाही गं, हे सुधारायला हवेत!"

त्यांनी मला घडवलं. शब्द जुळला तर मी त्याची लांबी देतो, नाही तर शून्य. पुढचा मजकूर कुठून वाचायचा, हे लांबीवरूनच कळतं ना! पण कोड तपासणारे एक ज्येष्ठ होते. लेक त्यांना पाठीमागे शंकासुर म्हणे. त्यांना हवं होतं नुसतं हो किंवा नाही.

"रिकामा शब्द दिला तर? तो जुळतो, पण लांबी शून्य. म्हणजे तुमचा पठ्ठ्या खोटं बोलणार!"

"रिकामा शब्द शोधायला येतंय कोण?" बाबा कडाडले.

वाद चिघळत गेला. त्यातच बाबा गेले आणि मी अधांतरी राहिलो.

लेकीला मी कर्नलमध्ये हवा होतो, बाबांनी घडवला तसाच. तिने शंकासुरांना दिलेल्या उत्तरात भावनेचा एक शब्द घातला नाही. नुसतं 'हो' मिळून जिथे पुन्हा बोटंच मोजावी लागली असती, अशा जागा दाखवत गेली. शेवटी शंकासुरांनी होकार दिला.

मला वाटलं, सुटलो एकदाचा! कसलं काय. लोक अजून जुनाच कोड उचलतात, आकड्यासकट. परवा तर लेकीकडे तपासायला खुद्द शंकासुरांकडून तसंच काम आलं. आकडा हाताने मोजलेला, आणि तोही चुकलेला!

लेकीने लिहिलं, "काका, बाबा असते तर ओरडले असते. मला तसं जमत नाही. कृपया त्यांनी घडवलेलं ते फंक्शन वापरा."

उत्तर आलं, "ओरड, पोरी. ते ओरडायचे तेव्हा बरं वाटायचं."

मग ती ओरडली. लेखी, पण पानभर.

मित्रांनो, मला बोलवायला एक ओळ पुरते. तेवढी लिहा. पोरीला सारखा सारखा वडिलांचा आवाज काढायला लावू नका.