एकूण नोंदी : शून्य

बायजाबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांचं नाव यादीत सापडलं नाही, आणि यादीत नसलेल्या माणसाला आमच्याकडे खुर्ची देत नाहीत. त्या उभ्या राहिल्या.

आमच्याकडे म्हणजे नागपुरात, महाल भागातल्या एका शिक्षणसंस्थेच्या रेकॉर्ड रूममध्ये. मी दत्तोपंत, तिथला निवृत्त हेडक्लार्क. निवृत्त झालो तरी रोज येतो. जुन्या शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं संगणकात चढवली तेव्हा काय कुठे ठेवलं हे मला एकट्याला ठाऊक होतं, आणि ते कोणाला सांगायचं नाही एवढी हुशारी माझ्यात होती.

बाईंचं वय चौऱ्याहत्तर. नंदनवनहून ऑटोने आलेल्या. त्यांना शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. त्यांची शाळा, आमच्याच संस्थेची, महिनाअखेर बंद होणार. मग दाखला देणार कोण?

"या वयात दाखला कशाला लागतो, बाई?"

"सासरी अख्खी जिनगानी आयकलं, साहेब, का तुह्या बापानं खोटं सांगतलं, पोरगी शाळेत गेलीच नाही. वाचता येते तं म्हनत, घरीच शिकली असन. म्हननारे सारे गेले. पन मी हाव न अजून. माह्या बापाचं बोलनं खोटं ठिवून मले नाही जायचं."

आमची ऑपरेटर हिमानी हिने नाव टाकलं. पडद्यावर आलं : एकूण नोंदी शून्य. नुसतं 'बायजा' टाकलं. शून्य. वडिलांचं नाव, धोंडबा. शून्य. आडनाव काढून टाकलं, साल मागेपुढे केलं. दरवेळी तेच शून्य, त्याच जागी, तेवढंच गोल.

"बाई, संगणक चुकत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी बारा वर्षं वापरतोय. त्यानंतर लोक सहसा घरी जातात.

"मग मी चुकली का, साहेब? सत्तावन साली जूनात माहा बाप मिलची पाळी सोडून मले घेऊन गेला. मंग तो का कोनाचं लगन लावाले गेला होता?"

हिमानी तोंडावर ओढणी धरून हसली. मी हसलो नाही. माझ्या हुद्द्यात ते बसत नव्हतं. कागदी रजिस्टर बघावं म्हटलं, तर ते वाळवीने आमच्याआधी वाचून संपवलेलं. बाईंना उद्या यायला सांगितलं. गेल्या त्या पायऱ्यांवर एकेक पाऊल टेकत.

हिमानी मात्र जागची उठेना.

"घरी जा ना गं. नाव नाही तर नाही."

"सर, आजी खोटं बोलून राहिली असं वाटत नाही मला. मी दुसरं काहीतरी विचारून बघते." तिने नावच विचारलं नाही. त्या वर्षी त्या शाळेत मुलं किती, एवढंच विचारलं. पडद्यावरच्या आमच्या नेहमीच्या शोध-फॉर्मने सांगितलं, एकशे बारा. मग तिने फॉर्म बाजूला सारून थेट मूळ नोंदीच मोजल्या. एकशे त्रेपन्न.

"एक्केचाळीस पोरं आत आहेत सर, पण बाहेर येऊन नाही राहिली."

"बसली असतील कुठेतरी," मी म्हणालो. पण चष्मा पुसला.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या तोवर तिला सापडलं होतं. आमची क्वेरी, म्हणजे फॉर्ममागे संगणकाला घालून दिलेला ठरावीक प्रश्न, नाव शोधताना प्रत्येक मुलाची नोंद जातींच्या यादीशी जुळवून बघते. जुळली तरच मूल पडद्यावर. ज्यांच्या जातीच्या रकान्यात रेघ होती त्यांना ऑपरेटरांनी 'निरंक' लिहिलं, आणि 'निरंक' यादीत आहे, म्हणून ती मुलं दिसतात. ज्यांचा रकाना नुसताच कोरा, त्यांना जुळायला काहीच नाही. ती एक्केचाळीस मुलं, कोणी कितीही हाका मारल्या तरी, गैरहजर.

"ही अट कोणी टाकायला लावली, सर?"

फायलीत टिपण होतं. मी जात मानत नाही. घरी नाही, कार्यालयात नाही, हे सर्वांना माहीत आहे. फक्त प्रत्येक मुलाचं नाव तिच्याशी जोडून ठेवा एवढंच मी लिहिलं होतं, कारण अहवाल काढायला सोयीचं पडतं. खाली माझी सही. सही वळणदार होती.

"पण कोरा कसा ठेवला?" मी विचारलं. "कारकून कोरं सोडत नाही. रेघ मारतोच. मागाहून कोणी काही भरू नये म्हणून."

बाईंनी पदर सावरला. "हेडमास्तरबी हेच म्हने. आदल्या आक्टोबरात माह्या बाबानं दीक्षा घेतली होती. बाबा म्हने, धर्म बौद्ध लिव्हा, जातीचं घर खाली ठेवा, कोरं. मास्तर म्हने, बरं, रेघ मारतो. बाबा म्हने, रेघ नाही. रेघ मारली तं उद्या कोनी म्हनन, इथं काई होतं, ते खोडलं. संध्याकाळलोक उभा होता, साहेब. मले भूक लागली तं मी रडली. मागं वस्तीतली सारी रांग. मास्तर थकला न् घर खाली सोडलं. मंग मागच्या साऱ्याईनं तेच म्हटलं, धोंडबावानी करा."

हिमानीने अट काढली. एक्केचाळीस नावं उतरली, आणि त्यांत बायजा धोंडबा. बाई पडद्याजवळ वाकल्या. "हे मनकर्णा. माह्याजवळ बसे." बोट काचेवर टेकलं आणि तिथेच राहिलं.

दाखला छापायला घेतला, तर मशीन अडलं. जातीचा रकाना भरा, नाहीतर छपाई नाही.

"'निरंक' टाकू का, आजी? लगेच निघेल."

"नको, पोरी. मंग राहू दे." आणि त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, जायची काही घाई नसल्यासारख्या.

मी कपाटातून छापील कोऱ्या दाखल्यांचं जुनं पुस्तक काढलं. बारा वर्षांनी हाताने लिहायला बसलो. नाव, वडिलांचं नाव, धर्म बौद्ध. पुढच्या रकान्यावर पेन गेलं आणि रेघ मारायला आपोआप तिरकं झालं. चाळीस वर्षांचा हात तो. त्याला मधल्या जागा बघवत नाहीत. मी पेन उचललं. बाई बघत होत्या. जागा सोडली, आणि इयत्ता लिहिली.

मुख्याध्यापिकेची सही, शिक्का. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की बाई दोन दिवस उभ्याच आहेत. मी माझी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत. दाखला दोन्ही हातांत धरून पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचू लागल्या, अक्षर अक्षर सुटं करून, शाळेत उभं करून वाचायला लावतात तसं. कोऱ्या रकान्यापाशी आल्या, एक श्वास घेतला, आणि पुढची ओळ वाचली.