साठ मीटरचा पॉइंट

इंग्रजी शब्दाला एकच अर्थ असतो, असं म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मी बाकावर उभं करत असे. मग फळ्यावर 'पॉइंट' लिहायचे आणि अर्थ मागायचे. पेन्सिलीचं टोक, आकड्यातलं दशांश चिन्ह, भांडणातला मुद्दा, चौकात पोलीस उभा राहतो ती जागा. एवढे अर्थ आले की पोरं दमायची. पुढचा मी सांगायचे. तो मला डिक्शनरीत मिळाला नव्हता, आणि त्यापायी आमच्या वस्तीचं पाणी जाता जाता राहिलं होतं.

लातूर जिल्हा होऊन वर्ष भरत आलं होतं. पावसानं दगा दिलेला. देवणीजवळच्या आमच्या गावात पाणी असलेली एकच विहीर उरली होती, मारुतीच्या पाराजवळची. तिथं आम्हा भीमनगरच्या बायकांना रहाटाला हात लावू देत नसत. घागर खाली ठेवून बाजूला उभं राहायचं. गावातल्या कुणाला सवड झाली, दया आली, तर ती वरून ओतणार. माझी आई सरजाबाई रोज दोन-दोन तास तशी उभी राहायची. मला त्याचा संताप यायचा.

आधी जिल्ह्याच्या कचेरीसाठी उस्मानाबाद गाठावं लागे. एक अर्ज द्यायचा तर दोन दिवस जायचे. आता लातूर. मी उदगीरच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते, इंग्रजीत वर्गात पहिली, आणि त्याचा मला भरपूर माज होता. एसटीनं लातूरला गेले आणि वस्तीला बोअर द्या असा अर्ज देऊन आले. महिन्याभरात गुरुबसप्पा नावाचे साहेब एक यंत्र घेऊन आले, आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरामागं जमिनीवर लांबच लांब तारा पसरून काहीतरी मोजलं आणि चहा पिऊन गेले.

मग इंग्रजीत कागद आला. एकच ओळ: समाजमंदिराजवळ एका पॉइंटची शिफारस, साठ मीटर.

तसाच कागद सरपंच अमृतरावांकडंही गेला होता. त्यांनी अर्थ लावायला वेळ घालवला नाही. "लाइटीचा पॉइंट आलाय तुमाला," ते म्हणाले. "साठ मीटर वायर. साहेबानं तारा पसरून बगितल्या न्हाईत का?"

मला ते पटलं. आज सांगायला लाज वाटते, पण पटलं. त्यांना खरं काय ते ठाऊक होतं, असं मला अजूनही वाटतं. मला मात्र ठाऊक नव्हतं.

आई घागरीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "पाणी मागितलं तर दिवा दिला. पंचशीला, तू अर्जात लिव्हलं तरी काय हुतंस?"

त्या रात्री मी डिक्शनरीतले 'पॉइंट'चे सगळे अर्थ वाचून काढले; पाण्याचा त्यात एकही नव्हता.

सोमवारी सरपंचांनी बोलावलेले हनीफभाई वायरमन आले. मारुतीच्या पाराजवळच्या खांबापासून समाजमंदिराकडं साठ मीटर वायर मोजली. ती पुरेना, नऊ-दहा हात कमी पडली. "कैसा हिसाब किया साहबने," असं पुटपुटत ते खांबावर चढले. तेवढ्यात गावात बोअरची गाडी शिरली आणि धुरळा उडवत मारुतीच्या पाराशी थांबली. अमृतराव हातात नारळ घेऊन तयारच होते. आई विहिरीपाशी उभी होती, म्हणून मीही तिथंच होते.

गाडीवरचा व्यंकट खाली उतरला. तेलंगणाकडचा माणूस. त्यानं खिशातून कागद काढला. "सरपंच, पॉइंट दावा," तो म्हणाला. "साठ मीटर मारायचंय."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला: साहेबांच्या त्या तारा लाइटीच्या नव्हत्या, जमिनीतलं पाणी शोधायच्या होत्या.

"व्यंकटभाऊ, पॉइंट म्हणजे काय हो?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडं अशी नजर टाकली, जणू ही पोर येडीबिडी आहे. "भोक पाडायची जागा. दुसरं काय?"

"मग पॉइंट इथं न्हाई. समाजमंदिराजवळ हाय. वाचा की."

"पोरी, मुद्द्याचं बोल," अमृतराव म्हणाले. "त्यो कागद लाइटीचा हाय."

"मुद्द्यालाबी पॉइंटच म्हणतेत, सरपंच. पण लाइटीची वायर आज मोजली, ती साठ मीटरात पोचंना. अन् व्यंकटभाऊ म्हणतेत, साठ मीटर खाली जायचंय. मग तुमी बल्ब किती खोल लावणार हाव?"

पारावरचे म्हातारेसुद्धा हसले. हनीफभाई खांबावरूनच ओरडले, "सरपंच, मी उतरू का? मला वर चढायचं काम येतंय, खोदायचं न्हाई."

व्यंकटनं कागद पुन्हा वाचला, घडी घातली आणि गाडीत बसला. कागदाबाहेर मशीन लावलं तर त्याची नोकरी जाणार होती. गाडी भीमनगरकडं वळली. अमृतराव नारळ घेऊन तसेच उभे राहिले.

चाळीस मीटरला पाणी लागलं. आठवड्यात हातपंप बसला. त्याच महिन्यात पाराजवळच्या विहिरीनं तळ दाखवला आणि गावातल्या बायका घागरी घेऊन आमच्याकडं येऊ लागल्या. एके सकाळी अमृतरावांच्या पार्वतीबाई आल्या. त्यांनी घागर पंपाखाली ठेवली, दोन पावलं मागं सरल्या आणि आईनं भरून द्यावी म्हणून वाट बघत थांबल्या.

आईनं आपली घागर उचलून काखेत घेतली.

"पार्वतीबाई," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्यांना नावानं हाक मारली. "हितं कुणी कुणाला वरून वतत न्हाई. दांडा धरा अन् हापसा."

पार्वतीबाईंनी इकडंतिकडं पाहिलं. मग पदर खोचला आणि आमच्या हातांनी ओला झालेला दांडा धरला.