मूळ रहिवाशांचा नाच

शनिवारी सकाळी सिंगापुरात क्लेमेंटीतल्या एका नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पोह्यांचा वास सुटला होता आणि हॉलभर हिरव्या कागदाचे कपटे पसरले होते. कमलाकर आणि शुभाच्या घरी अकरा मराठी मुलं जमली होती. दुसऱ्या दिवशी ब्लॉकखालच्या सभागृहात कार्यक्रम होता आणि मुलांच्या कमरेला कागदी पानं बांधायचं काम जोरात चाललं होतं.

अरुणा जाधव आठ महिन्यांपासून त्यांच्याकडे भाड्याने राहत होती. जवळच्या विद्यापीठात ती खारफुटीतल्या खेकड्यांवर संशोधन करत असे. आली त्या दिवशी शुभाने चहा पुढे करत विचारलं होतं, "जाधव म्हणजे मराठाच ना? गाव कुठलं?" अरुणा एवढंच म्हणाली, "सुधागड तालुक्यातलं." पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिने गिळलं. त्या गिळलेल्या उत्तरावर तिला खोली मिळाली, स्वयंपाकघर मिळालं आणि गणपतीत शुभाने तिच्याकडून मोदकही वळून घेतले.

यंदा ब्लॉकच्या रहिवासी समितीने एक चांगली गोष्ट ठरवली होती. सिंगापूरच्या बेटांवरचे मूळ रहिवासी म्हणजे ओरांग लाऊत, समुद्राची माणसं. त्यांच्यातल्या रोहानी आजी याच ब्लॉकमध्ये राहत होत्या. त्यांची बोली, त्यांची गाणी त्यांच्याच तोंडून ऐकायची, असा समितीचा बेत. तुमच्याकडच्या मूळ रहिवाशांबद्दलही काही सादर करा, असं समितीने इतर समाजांना कळवलं होतं. मराठी मंडळींच्या वतीने समितीवर असलेल्या कमलाकरने त्याचा अर्थ लावला तो असा: पानांचे घागरे, हातात भाले आणि स्वतःच रचलेलं "हुर्र हुर्र झिंगा" असं गाणं.

"अरुणा, तुझा हात चांगला आहे. मुलांची तोंडं तूच रंगव," शुभाने काळ्या रंगाची वाटी तिच्या हातात दिली.

"ताई, रंग कशाला?"

"अगं, हे गोरेगोमटे कुठे आदिवासी वाटतायत?"

नऊ वर्षांची ऋग्वेदा, शुभाची मुलगी, अरुणासमोर येऊन बसली. "मावशी, खरे आदिवासी असे असतात? रिअल वन्स आर लाइक दिस, मेह?" तिने सिंगापुरी इंग्रजीच्या हेलात विचारलं.

अरुणाने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. तेवढ्यात शुभा पोह्यांवर खोबरं भुरभुरवत सांगू लागली, "आमच्या आजोळी पालीजवळ कातकरी यायचे ना शेतावर! उंदीर खायचे बाई. पाणी वरून ओतायचं त्यांच्या ओंजळीत. ते गेले की आजी अंगणात शेण शिंपडायची."

"अजून काळं कर गं," सोफ्यावरून कमलाकर हसत ओरडला. "कातकरी वाटला पाहिजे!"

अरुणाने वाटी खाली ठेवली. तिचा आवाज स्वच्छ निघाला. "दादा, कातकरी असाच दिसतो. माझ्यासारखा. मी कातकरी आहे."

खोबरं भुरभुरवणारा हात थांबला. शुभाची नजर आधी स्वयंपाकघराकडे गेली, मग देवघराकडे. अरुणाने ती नजर पाहिली. आठ महिन्यांत तिने कुठे कुठे हात लावला, याचाच तो हिशेब होता.

"म्हणजे तू आम्हाला फसवलंस?" शुभा पुटपुटली.

"खरं सांगितलं असतं तर खोली दिली असतीत, ताई?"

कमलाकर उठला, त्याने मुलांना खाली खेळायला पाठवलं आणि मग म्हणाला, "हे बघ अरुणा, आमच्या मनात जातपात नाही. पण नाच बसलाय, आयत्या वेळी बदलणार नाही. आणि हो, महिनाअखेर दुसरी खोली बघ. शुभाची आई यायची आहे."

दुपारी अरुणा मिस टॅनकडे गेली. समितीच्या अध्यक्षा असलेल्या या निवृत्त शिक्षिकेच्या घरी रोहानी आजी चहा पीत बसल्या होत्या. अरुणाने घडलं ते सगळं सांगितलं. मिस टॅनचा चेहरा उतरला. "मी नुसतं 'आदिवासी नृत्य' असं वाचून मंजुरी दिली. विचारायला हवं होतं."

रोहानी आजी कप ठेवत म्हणाल्या, "आम्हाला बेटावरून हलवलं तेव्हा माझ्या आईलाही कोणी विचारलं नव्हतं. पोरी, तुझी बोली येते ना तुला?"

"येते. पण सोळा वर्षांत चार लोकांत बोलले नाही."

"मग उद्या बोल."

रविवारी सभागृह भरलं. नाच रद्द झाल्याचं मिस टॅननी कमलाकरला आदल्या संध्याकाळीच कळवलं होतं. तो पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता. रोहानी आजींचं गाणं झालं आणि अरुणाचं नाव पुकारलं गेलं, तसा तो उठला. "ही मराठी मंडळींची प्रतिनिधी नाही," तो इंग्रजीत म्हणाला.

"ती तिच्या लोकांची प्रतिनिधी आहे," मिस टॅन म्हणाल्या. "यापुढे या सभागृहात कोणाबद्दलही काही दाखवायचं असेल, तर समिती आधी त्यांनाच विचारेल. बसा."

तो बसला नाही. बाहेर गेला. त्याच्यामागून आणखी सहा-सात जण उठले. शुभा अर्धवट उठली, पण ऋग्वेदाने तिच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. "आय वॉन्ट टू लिसन, आई." शुभा परत खाली बसली.

अरुणा कातकरी बोलीत बोलू लागली. पहिली दोन वाक्यं अडखळली. मग नदी आली, आज्याचं जाळं आलं, माशांची ती नावं आली जी मराठीत नाहीत. मग ती मराठीत म्हणाली, "या भाषेसाठी आश्रमशाळेत मी छड्या खाल्ल्या. आता घाबरून गप्प बसणार नाही."

टाळ्या पडल्या, पण मराठी रांगांतून थोड्याच. पुढच्या आठवड्यात अरुणाने शहराच्या दुसऱ्या भागात, सेरंगूनला खोली घेतली. सामान उतरवताना शुभा लिफ्टपर्यंत आली. दार बंद होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

समितीने मात्र दर रविवारी सकाळी सभागृह रोहानी आजींना आणि अरुणाला दिलं, बोली नोंदवायला. पहिल्या रविवारी अरुणाने गावी आईला फोन लावला आणि सभागृहात घडलेलं सांगितलं.

"आये, तू आपल्या बोलीत बोल. मी रेकॉर्ड करते."

पलीकडून दबका आवाज आला. "काय गो, चार लोकांसमोर सांगितलंस? कातकरी म्हणून?"

"सांगितलं."

"इथं पाटलाची सून पाण्याला आलीय. तिला ऐकू जाईल ना."

"जाऊ दे, आये. मोठ्याने बोल."